सातानं भाग गेला

त्याला सगळे टिचक्याच म्हणत. दगड दुकानात उतरला की तो आधी मधल्या बोटानं त्यावर टिचकी मारायचा, कान जवळ न्यायचा आणि मगच मापाची पट्टी हातात घ्यायचा. आत चीर असेल तर दगड बद्द बोलतो, निरोगी असेल तर खणकन उत्तर देतो. पुढं ही खोड इतकी अंगवळणी पडली की कलिंगडं, दरवाजे, पाहुण्यांनी आणलेले डबे, काहीच त्याच्या बोटातून सुटेना.

"एक दिवस माझ्या डोक्यावर मारशील," ताई म्हणायची.

"कशाला? त्याचा आवाज रोज ऐकतोच की," असं म्हणून तो दोन पावलं मागं सरकायचा. ताईच्या हातात बहुतेक वेळा लाकडी पट्टी असायची.

दुकान दोघा भावंडांचं. वडिलांच्या मागं गिऱ्हाईक, कागद आणि आखणी ताईनं घेतली, छिन्नी आणि हातोडी त्यानं. ताईचा नवरा जहाजावर होता. वर्षातून दोनदा यायचा, आठ दिवस दुकानात बसून सगळ्यांना सल्ले द्यायचा आणि परत पाण्यावर जायचा. टिचक्याचं लग्न राहूनच गेलं. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला आणि गेलेल्या माणसांच्या स्मृतिशिला यांत तो अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता. शाळा सातवीत सुटली. पण शाळेतली एक गोष्ट त्याच्या हातात राहिली होती, भागाकार. मोठाच्या मोठा भागाकार मांडायचा, एकेक आकडा खाली उतरवायचा आणि शेवटी काय उरतं ते बघायचं, यात त्याला सुपारी चघळल्यासारखं सुख मिळायचं.

आकड्यांच्या या सुखानंच एकदा त्याचा घात केला होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईंची स्मृतिशिला होती. कागदावर जन्माचं साल, मृत्यूचं साल आणि खाली 'वय एक्क्याण्णव'. कोरता कोरता टिचक्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली, तर उत्तर आलं एक्क्याऐंशी. दुःखाच्या घाईत लिहिणारा चुकला असणार, असं समजून त्यानं कुणाला न विचारता एक्क्याऐंशी कोरलं. दगड न्यायला बाईंचा मुलगा आला. त्यानं दगडावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आईचं वय बरोबर होतं हो. जन्माचं साल आमच्याकडून चुकलं होतं."

म्हणजे वजाबाकी अचूक, आणि दगडावर आता जन्माचं साल आणि वय, दोन्ही आकडे खोटे.

ताई त्या माणसासमोर काही बोलली नाही. तो गेल्यावर तिनं छिन्न्यांची गुंडाळी उचलली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. पुढचे आठ महिने टिचक्या फक्त पॉलिश करत होता. पाणी मारायचं आणि घासायचं. कोरायला ताई दुसऱ्या कारागिरांना बोलवायची आणि टिचक्यानं त्यांच्या पायाशी बसून त्यांचे दगड चकचकीत करायचे. आठ महिन्यांनी तिनं कपाट उघडलं तेव्हा एकच वाक्य बोलली. "कागदावर आहे ते कोरायचं. सही असलेला कागद म्हणजे हुकूम. पुन्हा अक्कल चालवलीस, तर ही गुंडाळी तुला परत दिसणार नाही."

ताई पोकळ धमक्या देत नसे. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

अशात कॉलेजच्या गणिताचे सर दुकानात आले. त्यांच्या विभागाचं नवं दालन बांधून झालं होतं आणि दारासमोरच्या भिंतीत त्यांना एक काळा दगड बसवायचा होता. दगडावर नाव नाही, तारीख नाही. फक्त एक संख्या, एकोणचाळीस आकड्यांची.

"कुणाचा नंबर आहे हा?" ताईनं विचारलं.

सर हसले. टिचक्याच्या पायाशी दगडाच्या कपच्या पडल्या होत्या. त्यांतल्या बारा त्यांनी उचलल्या आणि फरशीवर चार-चारच्या तीन ओळींत मांडल्या. "बाराच्या सारख्या ओळी होतात. आता ही तेरावी. करा सारख्या ओळी."

टिचक्यानं दोन, तीन, चार, पाच, सहा असं सगळं करून पाहिलं. तेरा कपच्या एकाच लांबलचक रांगेत ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. आमची ही संख्याही तशीच आहे. एवढी मोठी, पण मांडायची झाली तर एकाच रांगेत. शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसानं हे नुसत्या कागद-पेन्सिलीनं सिद्ध केलं." मग सरांना बोलायची लहर आली. दोन घ्या, म्हणाले. दोनाचा दुसरा घात, वजा एक, म्हणजे तीन. दोनाचा तिसरा घात, वजा एक, म्हणजे सात. दोनाचा सातवा घात, वजा एक, म्हणजे एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ संख्या. आणि दोनाचा एकशे सत्ताविसावा घात, वजा एक, म्हणजे ही. प्रत्येक पायरीतून पुढची पायरी निघते. "याच्या पुढची पायरी मूळ आहे की नाही, ते आजही कुणाला ठाऊक नाही."

"कशानंच भाग जात नाही?" टिचक्यानं पुन्हा विचारलं.

"कशानंच."

ताईनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

कागद टंकलेखन यंत्रावर टाइप केलेला होता, तेरा-तेरा आकड्यांच्या तीन ओळी. खाली बारीक अक्षरात 'दोनाचा एकशे सत्ताविसावा घात, वजा एक' अशी टीप, तिच्या पुढं 'ही ओळ कोरू नये', आणि त्याखाली सरांची सही. दगड दुकानात आला तेव्हा तीनच दिवस हातात होते, चौथ्या दिवशी सकाळी दहाला पडदा उघडायचा होता. तो खाणीतून मापानं कापून यायलाच महिना लागला होता. तसा दुसरा मिळणार नव्हता.

पहिल्या दिवशी पहिली ओळ झाली. एका आकड्याला अर्धा तास, पण शून्याला जास्त, कारण शून्याच्या पोटातला दगड फार नाजूक. एक टोला वाकडा पडला की पोटच उडतं. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ झाली आणि ती शून्यावरच संपली. ते शून्य संपवून टिचक्यानं तोंडानं धूळ फुंकली आणि ताईनं वाकून पाहिलं. "हं," म्हणाली. ताईचं 'हं' म्हणजे दुसऱ्यांच्या टाळ्या.

या दोन दिवसांत चहाच्या वेळी त्याचं एक चोरटं काम चाललं होतं. कशानंच भाग जात नाही म्हणतात, बघू तर. शेवटी सात, म्हणजे दोनानं आणि पाचानं प्रश्नच नाही. सगळ्या आकड्यांची बेरीज एकशे चौपन्न आली, तिला तीनानं भाग जात नाही, म्हणजे तीनही बाद. सातासाठी शाळेत सोपी युक्ती शिकवली नव्हती. त्याला भागाकारच मांडावा लागणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई शेवटची ओळ पांढरा कार्बन लावून दगडावर उतरवत होती. टिचक्या कोपऱ्यात बसला, पॉलिश कागदाचा एक तुकडा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं भागाकार सुरू केला. सतराला सात दुणे चौदा, उरले तीन. तीसला सात चोक अठ्ठावीस, उरले दोन. आकडे खाली उतरत गेले. त्याला मजा वाटत होती. शेवटच्या ओळीपर्यंत आला तेव्हा ताईची आखणी संपत आली होती. सदुसष्टला सात नवे त्रेसष्ट, उरले चार. बेचाळीसला सात सक बेचाळीस, उरलं शून्य. शेवटचा सात खाली आला.

सात एके सात. बाकी शून्य.

त्यानं त्या शून्यावर टिचकी मारली.

आपलंच काहीतरी चुकलं, असं म्हणून त्यानं कागदाचा दुसरा तुकडा घेतला आणि पहिल्यापासून मांडलं. शून्य. मग तो उठला आणि सरांचा कागद ताईपुढं धरला. "याला सातानं भाग."

"सकाळी सकाळी काय खाऊन आलायस?"

"भाग ना. मी काही सांगत नाही, तू भाग."

ताईचं गणित त्याच्यापेक्षा चलाख. तिनं उभ्या उभ्या, नुसती बाकी बोटांवर धरत, ओठ हलवत तिन्ही ओळी संपवल्या. "शून्य. मग?"

"मग काय! याला भाग जायला नको ना. कशानंच नको. सर म्हणाले होते."

ताईचा हात हवेतच थांबला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेआठ वाजले होते. दगड न्यायला साडेपाचला टेंपो येणार होता.

"म्हणजे कागद चुकलाय," टिचक्या म्हणाला.

"चुकला असेल. सही कुणाची आहे?"

"सरांची."

"झालं तर मग. चूक त्यांची, सही त्यांची. आपण सुटलो. घे छिन्नी."

"ताई, अगं, हा दगड त्या दालनात वर्षानुवर्षं राहणार. सगळी मुलं रोज बघणार. न भागणारी संख्या म्हणून लावलीय आणि तिला साधा सात खातोय!"

"मागच्या वेळीही तुझी वजाबाकी बरोबरच होती," ताई शांतपणे म्हणाली.

हा टोला छिन्नीपेक्षा खोल गेला. कारण ते खरं होतं. चूक आहे हे सातानं सांगितलं होतं, पण कुठं आहे हे सातानं सांगितलं नव्हतं. एकोणचाळीस आकड्यांतला कुठलाही खोटा असू शकत होता. आणि त्यांतले सव्वीस दगडात गेले होते. त्यानं वळून दगडाकडं पाहिलं. चूक त्या दोन ओळींत असेल तर दगड आत्ताच मेलेला होता. आणि हे फक्त दुकानातल्या दोघांनाच माहीत होतं.

ताईच्या मनातही तेच येऊन गेलं असावं. ती फोनकडं गेली आणि कॉलेजचा नंबर फिरवला.

फोन टाइपिस्टनं उचलला. सर परगावी गेले होते, समारंभाच्या पाहुण्यांना आणायला. रात्री उशिरा येणार. मूळ कागद? मूळ कागद सरांच्या कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. "मी टाइप केलंय ते सरांनी तपासून सही केलीय हो बाई," पलीकडचा आवाज दुखावला होता. "माझ्यावर कशाला येताय?"

"कुणावर येत नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. पट्टी उचलून परत ठेवली. कागद हातात घेतला, पुन्हा वाचला आणि त्याच्या तळाशी थांबली. "हे बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

"दोनाचा एकशे सत्ताविसावा घात, वजा एक. म्हणजे दोन घ्यायचे आणि दुप्पट, दुप्पट..."

"ते कळलं. एकशे सत्ताविसावी दुप्पट होईपर्यंत आकडे एकोणचाळीस झालेले असणार. संध्याकाळ होईल."

टिचक्या बोलायला कचरला. पण दगड समोर होता. "सगळे आकडे कशाला हवेत? आपल्याला शेवटची ओळच कोरायचीय. शेवटचे तेरा आकडे धरू, डावीकडचे वाढले की सोडून देऊ. दुप्पट करताना हातचा डावीकडेच जातो. उजवीकडे कधी येतो का?"

ताईनं क्षणभर डोळे मिटले. मनात एक दुप्पट करून पाहिली असावी. "नाही येत," ती म्हणाली. "दोघांनी वेगवेगळं करायचं. दर दहाव्याला थांबून जुळवायचं. बस."

ती टेबलाशी बसली, जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजू घेऊन. तो खडू घेऊन फरशीवर. दोन, चार, आठ, सोळा. दहाव्याला एक हजार चोवीस, जुळलं. विसाव्याला जुळलं. चव्वेचाळिसाव्या दुपटीला चौदावा आकडा उगवला. दोघांनी एकदमच "सोडला" म्हटलं आणि डावीकडचा एक पुसून टाकला. तिथून पुढं आकडे वाढत नव्हते, फक्त बदलत होते. टिचक्याचे गुडघे दुखायला लागले. फरशी भरली की तो आधीचं पुसून परत वरून सुरू करायचा. पन्नास. साठ. सत्तर.

ऐंशीव्याला जुळलं नाही.

"तुझा चौथा आकडा काय?" ताईनं विचारलं. त्यानं सांगितला. "चूक."

"तुझाही असू शकतो."

"माझा नाही." तरी तिनं तपासला, नियम म्हणून. टिचक्याचाच हातचा त्र्याहत्तराव्याला राहिला होता. आठ दुपटी वाया गेल्या. घड्याळात दहा वाजून गेले होते. एका आकड्याला अर्धा तास धरला तर तेरा आकड्यांना साडेसहा तास लागणार. म्हणजे अकराच्या पुढं बसलं की टेंपो चुकलाच. त्यानं खडू घट्ट धरला. तेवढ्यात दारात कुणीतरी पाटीचा भाव विचारायला आलं. ताईनं मान वर न करता "उद्या" म्हणून त्या माणसाला घालवलं. गिऱ्हाईकाला दारातून परत पाठवताना त्यानं तिला आजवर पाहिलं नव्हतं.

शंभर. एकशे दहा. एकशे वीस. एकशे सत्तावीस. वजा एक.

"तुझं आणि माझं एकच आलं," ताई म्हणाली. "आता कागद धर. मी उजवीकडून वाचते."

टिचक्यानं कागद धरला. त्याला पहिल्यांदाच हातातला कागद खोटा निघायला हवा होता. ही ओळ कागदाशी जुळली तर चूक वरच्या दोन ओळींत, म्हणजे कोरलेल्या दगडात. मग दगड गेला, आणि त्याच्यामागून छिन्नीही.

"सात, दोन, सात."

"आहे."

"पाच, शून्य, एक."

"आहे."

"चार, आठ, आठ."

"आहे." त्याचा आवाज खाली गेला. तेरातले नऊ जुळले होते. चार उरले होते.

"पाच," ताई म्हणाली.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला.

"अरे, पाच!"

"कागदावर एक आहे."

"पुढं माझा एक."

"कागदावर पाच आहे. ताई, उलटे पडलेत. सातशे पंधराच्या जागी सातशे एक्कावन्न. टाइपिस्टची बोटं पुढंमागं झालीत."

"उरलेले?"

"सात आणि तीन. दोन्ही आहेत."

ताईनं चष्मा काढला. पण तिचं समाधान एवढ्यानं होणारं नव्हतं. "आणि वरच्या दोन ओळी? त्यांत आणखी एखादी नसेल कशावरून?"

यावर टिचक्यानं विचार केला होता. एकशे दहाच्या सुमाराला, खडू चालत असताना. दोनाच्या दुपटींना सातानं भागत गेलं तर बाकी दोन, चार, एक, दोन, चार, एक अशी तीन-तीनच्या फेऱ्यांत फिरते. एकशे सत्ताविसावीला दोन. वजा एक केला की एक. म्हणजे खऱ्या संख्येला सातानं भागून एक उरायला हवा. त्यानं एक्कावन्नच्या जागी पंधरा घालून अख्खी संख्या भागली. एक उरला. मग त्यानं शाळेतली अकराची कसोटी लावली, एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा. ऐंशी आणि चौऱ्याहत्तर, फरक सहा. दुपटींना अकरानं भागलं तर बाकीची फेरी दहा-दहाची. तिच्यातून वजा एक करून किती उरतात ते ताईनं पावतीवर काढलं. सहाच.

"दुसरी चूक असली, तर तिनं सातालाही फसवलं आणि अकरालाही," टिचक्या म्हणाला. "असं होत नाही असं नाही. पण तेवढी बेरकी चूक टाइपिस्टच्या हातून व्हायची नाही."

सव्वाअकरा वाजले होते. दगडावर कार्बनचे एक्कावन्न तसेच होते. टिचक्यानं छिन्नी उचलली आणि ताईकडं पाहिलं.

"कागदावर एक्कावन्न आहे," तो म्हणाला. "सही आहे. तू सांगशील ते कोरतो."

तो हे कुरकुरत म्हणाला नव्हता. आठ महिने पॉलिश केलेल्या माणसाचं ते सरळ बोलणं होतं. ताई कागदाकडं बघत राहिली. मग तिनं अंगठा ओला केला आणि दगडावरचे दोन आकडे चोळून पुसून टाकले. त्यांच्या जागी तिनं हातानं, पट्टीसुद्धा न लावता, एक आणि पाच काढले. मग सरांच्या सहीखाली लिहिलं, 'सातशे एक्कावन्नऐवजी सातशे पंधरा कोरले आहेत. जबाबदारी माझी.' आणि सही केली.

"तुझा फक्त हात," ती म्हणाली. "डोकं माझं. चुकलं तर सरांनी मला विचारायचं."

"आणि छिन्नी? चुकलं तर?"

"आधी ती चालव. बारा वाजायला आले."

तो बसला. तीन झाला, सात झाला. मग त्या एकाशी आला. दगडात आकडा घालता येतो, काढता येत नाही. पहिला टोला मारायच्या आधी त्यानं तीनदा छिन्नी टेकवली आणि तीनदा उचलली. चौथ्यांदा मारली. त्यानंतर मात्र थांबला नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटचं शून्य चारच्या सुमाराला आलं. बोटं इतकी आखडली होती की ताईनं कोमट पाण्यात फडकं पिळून त्याच्या मनगटाला गुंडाळलं. शून्याचं पोट शाबूत राहिलं.

साडेपाचला टेंपोवाला आला तेव्हा तीन आकडे बाकी होते. "दगड गरम भाकरी आहे का, थांबून वाढायला?" तो दारातून ओरडला. पावणेसातपर्यंत त्यानं हॉर्न वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. सात वाजता दगड गोणपाटात गुंडाळून टेंपोत चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिचक्या एकटाच दालनात होता. दगड रात्रीच भिंतीत बसवला होता. तो सांध्यातली भर पुसत होता. वर निळा पडदा, बाजूला दोरी. साडेनऊला सर आले, रात्रीच्या प्रवासानं डोळे लाल झालेले, हातात फाइल. त्यांनी पडद्याची एक कड उचलली, फाइलमधली टाइप केलेल्या कागदाची प्रत काढली आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागले. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, हे काय केलंत? सातशे एक्कावन्न आहे ना इथं? सातशे पंधरा कोरलंत? पाहुणे खाली गाडीतून उतरताहेत! कुणी सांगितलं तुम्हाला बदलायला?"

ताईची सही असलेला कागद टिचक्याच्या शर्टाच्या खिशात होता. त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि परत आला.

"मीच बदललं, सर."

"कुणाला विचारून?"

"तुमच्या कागदावरच्या संख्येला सातानं भाग जातो."

जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. कुणीतरी "या, या, सांभाळून" म्हणत होतं. सर तिथंच, नव्या कोऱ्या फरशीवर, दोन्ही पाय दुमडून बसले, फाइल मांडीवर घेतली आणि पेन काढलं. टिचक्या उभा राहून बघत होता. पेनानं सतरा लिहिले, तीन उरले. तीस लिहिले, दोन उरले. सरांना त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. पाहुणे दाराशी आले आणि समोर फरशीवर बसलेले सर पाहून थांबले. मागची माणसंही थांबली. आपण बरोबर आहोत हे टिचक्याला माहीत होतं. पण ते त्याला तेव्हाही माहीत होतं, त्या बाईंच्या दगडाच्या वेळी.

"पस्तीस," सर स्वतःशी पुटपुटले. "सात पंचे..." पुढं ते मनातच करत गेले. शेवटी पेन थांबलं. कागदाच्या तळाशी एक शून्य होतं. सरांनी त्याच्याभोवती गोल काढला आणि वर पाहिलं.

"दगडावरच्याला किती उरतो?"

"एक, सर. उरायलाही एकच हवा. दुपटींची फेरी तीनाची आहे."

सरांनी तेही करून पाहिलं. त्याला पहिल्याइतका वेळ लागला नाही. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पँटची धूळ झटकली आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "माफ करा. चूक माझी होती. सही करताना मी पडताळून पाहिलं नाही. यांनी पाहिलं." आणि त्यांनी दोरी पाहुण्यांच्या हातात दिली.

पडदा सरकला, टाळ्या झाल्या. टिचक्या तोवर कार्यालयाच्या दाराशी पोचला होता. आत एक माणूस टंकलेखन यंत्रावर आच्छादन घालत होता.

"एक फोन करू का? दुकानात करायचाय."

त्या माणसानं फोन पुढं सरकवला. घंटी एकदाच वाजली आणि ताईनं उचलला.

"काय झालं?" एवढंच ती म्हणाली.

"सरांनी स्वतः भागून बघितलं. बरोबर आहे म्हणाले. सगळ्यांसमोर."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं," ताई म्हणाली. "ये मग लवकर. कालच्या माणसाची पाटी पक्की झालीय. छिन्न्यांना मी धार लावून ठेवलीय."